नवापूरच्या अलीकडे न आलेले चित्रपट



उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडतात आणि नवापूर येते. या स्थानकाची गंमत आपल्या घरांतल्या मुलांनाही पाठ असते. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. बाकावर दोघे शेजारी बसले तर एक या राज्यात आणि एक त्या राज्यात. या सीमेवरून आपले वाडवडील इकडे आले. त्यांच्याबरोबर कानबाई आली, खापरावरचे मांडे आले, वांग्याचे भरीत आले, लग्नातल्या रीतीभाती आल्या, आणि बोलीही आली. मराठी चित्रपटांतले काही मात्र नवापूरलाच उतरले आणि तिथूनच परत गेले. त्यांच्याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

मराठी चित्रपट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? ‘श्यामची आई’, ‘पिंजरा’, दादा कोंडके, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे विनोदी पट, ‘माहेरची साडी’, आणि अलीकडचा ‘सैराट’. यात वाईट काही नाही. ‘माहेरची साडी’ पाहताना ज्या आयाबाया रडल्या त्यांना हसणाऱ्यांपैकी मी नाही. (तो चित्रपट मुळात ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला होता. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठमोळे म्हणतो तेही कधीकधी सीमा ओलांडूनच आलेले असते.) पण ही यादी आपण निवडलेली नाही, ती व्यापाराने आपल्यासाठी निवडली. जे पुण्यामुंबईत, कोल्हापूर-सांगलीत भरपूर चालले, त्याचाच उरलासुरला भाग इकडे पोचला. जे तिथेच दोन आठवड्यांत उतरले, ते इथे येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि आपले आयुष्य ज्यांनी सर्वांत जवळून पाहिले, असे कितीतरी चित्रपट नेमके याच दुसऱ्या वर्गातले आहेत.

कारणे सरळ आहेत. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच मुंबई राज्यात होते. नंतर राज्ये वेगळी झाली, आणि त्याबरोबर करसवलती, अनुदाने, नियमही वेगळे झाले. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटाला जी मदत देते ती महाराष्ट्रापुरती. २०१५ साली बहुपडदा चित्रपटगृहांना मराठी चित्रपटासाठी मोक्याच्या वेळेचा खेळ राखून ठेवण्याचा नियम झाला, तोही नवापूरपर्यंतच. त्यात रिळांचा काळ लक्षात घ्या. एक प्रत काढायची म्हणजे मोठा खर्च. छोटा निर्माता मोजक्या प्रती काढणार आणि त्या जिथे खात्रीने चालतील तिथेच पाठवणार. उधना, लिंबायत, डिंडोलीत मराठी माणूस भरपूर आहे हे त्याला कोण सांगणार? आपणही कधी सांगितले नाही.

आता एक शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका. १९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबुराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला. कथा ना. ह. आपटे यांची. पौराणिक पटांचा तो जमाना. पडद्यावर देव उडत होते, राक्षस मरत होते. अशा वेळी या माणसाने एक कर्जबाजारी शेतकरी पडद्यावर आणला. सावकार कागदपत्रांत फसवतो, जमीन जाते, आणि तो तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. त्या शेतकऱ्याचे काम पुढे नामवंत दिग्दर्शक झालेल्या व्ही. शांताराम यांनी केले होते.

ही कथा कोणाची आहे? कोल्हापुरात बसून लिहिलेली, पण आपल्यातल्या पुष्कळ घरांची आहे. शहादा, तळोदा, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या भागातून जी माणसे इकडे आली त्यांतली सगळीच सावकाराने हुसकलेली नव्हती. कोणाला १९७२ च्या दुष्काळाने उठवले, कोणाची वाटण्यांत दोन बिघेच उरली, कोणी मामाच्या चिठ्ठीवर सहज म्हणून आले. पण शेताकडून यंत्राकडे ही वाट सर्वांची एकच. कापूस पिकवणाऱ्यांची मुले इथे येऊन पॉलिएस्टर विणू लागली. या वाटेवरचा पहिला भारतीय चित्रपट ‘सावकारी पाश’ म्हणता येईल, आणि तो मी आपल्याला पाहायला सांगू शकत नाही, कारण तो मूकपट आज शिल्लक नाही. पेंटरांनी १९३६ मध्ये तीच कथा बोलपटात पुन्हा केली. त्यातले अंधुक उजेडातले एक खोपटे आणि कुत्र्याचे रडणे ज्यांनी पाहिले-ऐकले, त्यांना ते आयुष्यभर विसरता आले नाही.

आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले जे आज पूर्ण किंवा तुकड्यांत उरले आहेत ते दोन-तीन डझन भरतील. जुनी फिल्म नायट्रेटची. ती आपोआप पेट घेते, नाहीतर चिकट होऊन सडते. कित्येकांनी तिच्यातली चांदी काढून विकली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, म्हणजे पन्नास वर्षांच्या उशिराने. तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे जमवले. पण ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरची मोठी ठेव जळाली. हे सांगण्याचे कारण असे की चित्रपट पुस्तकासारखा कपाटात पडून टिकत नाही. ज्याला कोणी मागत नाही त्याची नवी प्रत कोणी काढत नाही, आणि ज्याची नवी प्रत निघत नाही तो एक दिवस नसतो. डिजिटल झाले म्हणून यात फारसा फरक पडलेला नाही. आज एखाद्या वाहिनीवर किंवा संकेतस्थळावर दिसणारा चित्रपट करार संपला की उद्या तिथून गायब होतो.

मधल्या काळात एक खिडकी उघडली होती. १९८० च्या दशकात दूरदर्शनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कार मिळालेले चित्रपट दाखवत. जेवणे झाल्यावर, अर्धे घर झोपलेले असताना, कधी बंगाली तर कधी मल्याळी, आणि मधूनच मराठी. ‘फारच संथ आहे’ म्हणून बंद केलेला संच पुष्कळांना आठवत असेल. त्या संथ चित्रपटांपैकी एकाबद्दल आता जरा सविस्तर सांगतो.

‘२२ जून १८९७’ हा चित्रपट १९७९ सालचा. दिग्दर्शक नचिकेत आणि जयू पटवर्धन हे जोडपे. व्यवसायाने दोघेही वास्तुरचनाकार. संवाद विजय तेंडुलकरांचे, आणि पटकथेत कन्नड नट शंकर नाग यांचाही हात होता. विषय चापेकर बंधूंचा. पुण्यात प्लेग आला, सरकारने रँड या अधिकाऱ्याकडे बंदोबस्त सोपवला, गोरे सोजीर घराघरांत घुसून झडती घेऊ लागले, आजाऱ्यांना छावणीत आणि घरच्यांना दुसऱ्या छावणीत नेऊ लागले, देवघरात बूट गेले, सामान रस्त्यावर जाळले गेले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि महादेव रानडे फासावर गेले. हे सारे आपण शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात वाचलेले असते.

चित्रपट मात्र हा परिच्छेद उलगडून दाखवतो आणि कुठेही ओरडत नाही. आपल्याला क्रांतिकारकांच्या चित्रपटात भाषणे, शंखनाद आणि फडफडते झेंडे पाहण्याची सवय आहे. इथे कंदिलाच्या उजेडातले वाडे आहेत, ओसरीवर कुजबुजणारी माणसे आहेत, आणि भीती आहे. हे भाऊ कर्मठ होते, सुधारकांचा त्यांना तिटकारा होता, हेही चित्रपट लपवत नाही. त्यांना मोठे करण्यासाठी सोयीस्कर करत नाही. जयू पटवर्धन यांना या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते.

पण हा चित्रपट मी सुरतकरांना वेगळ्या कारणासाठी सुचवतो. सप्टेंबर १९९४ आपण पाहिलेला आहे. प्लेगची बातमी पसरली तेव्हा काही दिवसांत लाखो लोकांनी हे शहर सोडले. उधन्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गावी पोचल्यावर कित्येकांना वेशीबाहेरच्या शेतात ठेवले गेले, सख्ख्या भावाने दारातून पाणी दिले, अशा कथा आपल्या घराघरांत आहेत. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांचा काळाबाजार आठवतो. पुढच्या वर्षी महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडून काढले ते सर्वांना माहीत आहे, त्याचे कौतुकही झाले. पण त्या पंधरा दिवसांतली आपली लाज आणि आपली भीती यांवर कोणी काही लिहिले नाही, चित्रपट तर दूरच. ‘२२ जून १८९७’ मध्ये ती भीती सापडते. घरातले माणूस आजारी पडल्यावर ते शेजाऱ्याला सांगायचे की लपवायचे, हा प्रश्न १८९७ चा आहे, १९९४ चा आहे, आणि २०२० चाही. कोरोनात जो साथरोग कायदा लागू झाला तो त्याच १८९७ सालचा होता, हे विसरू नये.

प्लेगचा आणखी एक धागा गुजरातेतच आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तिथेच प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले, आणि ते गोध्रा सोडून निघाले. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) फाळक्यांच्या पुढच्या उद्योगाची गोष्ट सांगतो, ती इतक्या हसतखेळत की नातवंडांनाही बसवून दाखवता येईल. ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेला चित्रपट म्हणून त्याचे नाव ऐकलेले असते. पाहिलेला असतो थोड्यांनी.

शेतीवरच्या चित्रपटांचे पटकन सांगतो. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८): बैल जायबंदी होतो, बापाला तो विकणे भाग आहे, आणि पोराला ते मान्य नाही. शेवटाकडे जरा जास्तच डोळे ओले करायला लावतो, पण शरद गोयेकर या मुलाने केलेले काम विसरता येत नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९): विदर्भातला कापूस, लांबलेला पाऊस, शेजारच्या शेतकऱ्याची आत्महत्या, आणि आपला नवरा तसेच काही करील या धास्तीने त्याच्या मागे मुलाला लावून ठेवणारी बायको. विषय असा असूनही चित्रपट मधूनमधून हसवतो; गावाकडचे लोक दुःखातही कसे चिमटे काढतात ते आपल्याला सांगायला नको. भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ (२०१५): मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर कुटुंब आणि त्यांना कुठेच थारा न देणारे गाव. तिन्हींतला मला सर्वांत टिकाऊ वाटतो तो ‘गाभ्रीचा पाऊस’.

आणि आता आपल्या कामाकडे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. त्या वर्षांत कापड विणायचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि आपली सुरत इथल्या यंत्रमागांकडे अधिकाधिक वळले. म्हणजे लालबाग-परळमध्ये चूल विझत होती तेव्हा उधन्यात नव्या खात्यांत नवे लूम बसत होते. या हिशोबाची ही बाजू आपण फारशी बोलत नाही. महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) संपानंतरच्या एका चाळीतल्या कुटुंबावर आहे. तो जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावरून घेतलेला. खरे सांगायचे तर चित्रपट भडक आहे. गोळ्या आणि शिव्या जरुरीपेक्षा जास्त. नाटक त्याहून मोठे. तरी सीमा बिस्वास यांनी केलेली आई पाहण्यासाठी तो एकदा पाहावा, आणि मग ‘अधांतर’ मिळवून वाचावे.

माझ्या मते उधन्याने ज्यासाठी खुर्च्या मांडायला हव्यात तो चित्रपट दुसरा आहे: मंगेश जोशी यांचा ‘लेथ जोशी’. २०१८ च्या जुलैत तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. विजय जोशी हा पुण्यातला टर्नर. पस्तीस-एक वर्षे लेथवर काम केलेला. जॉब हातात घेतला की मायक्रोमीटर लावायच्या आधीच ज्याला माप कळते, अशा जातीचा माणूस. कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रे येतात आणि लेथ बंद पडते. चित्रपटात एवढेच घडते. संप नाही, मोर्चा नाही, दुष्ट मालकही नाही. घरी बायकोचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय नव्या यंत्रांच्या जोरावर वाढतो आहे, मुलगा नव्या जमान्याच्या कामात रुळला आहे. ज्या यंत्रयुगाने जोशींना बाजूला केले तेच घराला वर आणते आहे, आणि घरात कोणी वाईट नाही. जोशी फार बोलत नाहीत. चित्तरंजन गिरी या नटाने ती भूमिका जवळजवळ हातांनीच केली आहे.

आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगावे लागेल? साध्या शटलच्या लूमवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी रॅपियर येताना पाहिले, मग वॉटरजेट पाहिले. एका कारीगराकडे किती मशिने, हा आकडा दर दहा वर्षांनी बदलला. तुटलेला धागा नुसत्या आवाजावरून ओळखणारी माणसे अजून उधन्याच्या गल्ल्यांत संध्याकाळी ओट्यावर बसलेली दिसतात. त्यांच्या कौशल्याला नाव नाही, प्रमाणपत्र नाही, आणि ते शिकायला कोणी उरले नाही. त्यांची मुले इंजिनिअर झाली याचा त्यांना आनंदच आहे. हा आनंद आणि ती रुखरुख एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी दाखवणारा मराठी चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही.

स्मिता पाटील हिच्याविषयी थोडे. तिचे घराणे शिरपूरचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. त्यामुळे तिचे नाव आपण अभिमानाने घेतो. ‘उंबरठा’ पुष्कळांना माहीत आहे. जब्बार पटेल यांचाच ‘जैत रे जैत’ (१९७७) मात्र लोक गाण्यांमुळे ओळखतात, चित्रपट म्हणून नाही. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकर समाजातला हा चित्रपट पूर्ण पाहिला तर ती गाणी वेगळीच ऐकू येतात. आणि एक शिफारस गुजराती चित्रपटाची करतो: केतन मेहता यांचा ‘भवनी भवाई’ (१९८०). भवाईच्या खेळाच्या ढंगात अस्पृश्यतेची गोष्ट सांगणारा, आणि त्यात मुख्य जोडी स्मिता पाटील आणि मोहन गोखले, दोघेही मराठी. गुजराती आपल्याला आईच्या भाषेइतकीच येते. मुंबईपुण्याच्या रसिकाला ज्यासाठी उपशीर्षके लागतात तो चित्रपट आपण सरळ पाहू शकतो. दोन भाषांत राहण्याचा हा फायदा आपण घेत का नाही, कोण जाणे.

दोन भाषांत राहण्याचे दुसरेही टोक आहे. आपल्यातल्या बहुतेक घरांत आजी अहिराणी बोलते, वडील मराठी वाचतात, मुलगा गुजराती माध्यमात शिकला आणि नात इंग्रजी माध्यमात आहे. नातीला मराठी कळते, पण ती उत्तर देते दुसऱ्याच भाषेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेला एक संस्कृतचा निवृत्त प्राध्यापक रस्त्यात हत्ती पाहून त्याच्या मागे चालू लागतो आणि हरवतो. त्याला सांभाळते ती माहुताची कानडी बोलणारी बायको. जन्मभर शब्दांवर जगलेल्या माणसाचे शब्द निघून गेले आहेत, आणि जिला त्याची भाषा येत नाही ती त्याला मुलासारखे भरवते. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांची ही कामे आहेत. अमृता सुभाष यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. निर्मितीनंतर चित्रपटगृहात येण्यासाठी या चित्रपटाला काही वर्षे झगडावे लागले, प्रेक्षकांच्या वर्गणीचा आधार घ्यावा लागला. आजी आणि नात यांना शेजारी बसवून दाखवावा असा हा चित्रपट आहे. दोघींना तो वेगवेगळा कळेल, पण दोघींनाही कळेल.

शेवटचा चित्रपट जरा बोचणारा आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, पुढे त्याला सुवर्णकमळ मिळाले. एका लोकशाहिरावर खटला चालतो. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराला त्याच्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केले, असा आरोप. शाहिराचा वकील गुजराती, सरकारी वकील मराठी बाई. ती दुष्ट नाही. लोकलमध्ये उभी राहते, घरी येऊन स्वयंपाक करते. सुट्टीच्या दिवशी ती कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. त्या नाटकात परप्रांतीय तरुणाला हाकलून दिले जाते आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवते. दृश्य दोन-तीन मिनिटांचे असेल. पुण्याचा प्रेक्षक ते पाहून काय म्हणतो ते त्याने पाहावे. उधन्यात, तीन पिढ्या गुजरातेत राहिलेल्या आपल्यासारख्यांनी ते पाहिले तर आपण त्या नाटकात रंगमंचावर बसलेलो असू की खुर्चीत? मला हा प्रश्न सुटलेला नाही, आणि म्हणूनच हा चित्रपट आपल्या सभागृहात लागावा असे वाटते. नंतर भांडण झाले तरी चालेल.

राहिला प्रश्न कसे दाखवायचे याचा. यात अवघड काही नाही, पण सोपेही समजू नये. घरच्या वर्गणीवर मोबाईलमध्ये दिसणारा चित्रपट सभागृहात पडद्यावर लावता येत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी लागते आणि काहीएक शुल्क द्यावे लागते. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून सभासदांच्या वर्गणीवर हेच काम करत आले आहे. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी किती जमते हे आपण जाणतो. त्यातला लहानसा वाटा वर्षातून चार चित्रपटांना पुरेल. उपशीर्षके असलेली प्रतच मागवावी, कारण घरात गुजराती सून आहे, जावई ओडिया किंवा उत्तर भारतीय असू शकतो, आणि नातवंडांना काही शब्द अडतील. फार जुना चित्रपट हवा असेल तर पुण्याच्या संग्रहालयाकडे विचारणा करावी. विचारणा येत राहिली तर प्रत सुस्थितीत ठेवायला त्यांनाही कारण मिळते.

सुरुवात ‘लेथ जोशी’पासून करावी. खेळ रविवारी संध्याकाळी ठेवावा, रातपाळीला जाणाऱ्यांना निघता येईल अशा बेताने. पहिल्या दोन रांगा उधना उद्योगनगरातल्या आणि भेस्तान-पांडेसऱ्यातल्या जुन्या टर्नर, फिटर आणि लूमच्या कारीगरांसाठी राखाव्यात. चित्रपट संपला की वक्त्याला बोलावू नये. त्यांनाच विचारावे, नटाचा हात चकवर बरोबर पडतो की नाही.